ॲक्सोलोटलच्या आधी हे किट घरात आणा: एपीआय फ्रेशवॉटर मास्टर टेस्ट किट, आठ महिन्यांच्या वापरानंतर

मी चिंचवडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. नळीत नमुना घ्यायचा, मोजून थेंब टाकायचे, टायमर लावायचा, रंग बघायचा आणि वहीत नोंद करायची, सतरा वर्षं हेच माझं रोजचं काम. तरीसुद्धा घरी ॲक्सोलोटल, म्हणजे सॅलमँडर नावाच्या पालीसारख्या उभयचरांपैकी एक, कायम पाण्यातच राहणारा प्राणी, आणताना त्याचं पाणी तपासून बघावं हे मला सुचलं नाही. पहिले नऊ दिवस त्याने ते मुकाट सोसलं. म्हणून हा रिव्ह्यू जरा सविस्तर लिहितेय, ज्यांच्या घरी तो अजून यायचा आहे त्यांच्यासाठी.

आधी वस्तू काय आहे ते सांगते. एपीआय कंपनीचं गोड्या पाण्याचं मास्टर टेस्ट किट. त्यात थेंबांच्या सात बाटल्या, झाकणवाल्या चार काचेच्या नळ्या आणि रंग जुळवायचं कार्ड मिळतं. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते) तपासता येतो. पीएचच्या दोन वेगळ्या बाटल्या आहेत, एक ६.० ते ७.६ साठी आणि दुसरी ७.४ ते ८.८ साठी. मला ऑनलाइन साडेतीन हजारांच्या आसपास पडलं. सगळ्या चाचण्या मिळून आठशेच्या वर होतात, म्हणजे एका चाचणीला साडेचार रुपयेही पडत नाहीत. आमच्या लॅबमधली कुठलीच तपासणी या भावात होत नाही.

आता मोदकची, म्हणजे आमच्या ॲक्सोलोटलची गोष्ट, कारण तिच्याशिवाय या किटचं महत्त्व कळणार नाही.

माझा मुलगा अथर्व सातवीत आहे. माइनक्राफ्ट या खेळात २०२१ साली ॲक्सोलोटल आला आणि तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. "आई, तो मोठा झाला तरी बाळच राहतो गं. त्याचे कल्ले बाहेरच असतात कायम." हे खरंच आहे. बाकीचे बहुतेक सॅलमँडर मोठे झाले की कल्ले गळतात आणि जमिनीवर येतात. हा मात्र जन्मभर पाण्यातच, डोक्यामागे लाल पिसांसारखे कल्ले फुलवून राहतो. पाय तुटला तर पाय पुन्हा उगवतो. नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं जगतो. म्हणजे सातवीतला अथर्व नोकरीला लागेल तेव्हाही तो घरात असू शकतो. हा हिशेब मी आणण्याआधी केला होता. पाण्याचा केला नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत एका दुकानात गेलो. दुकानदाराने दीड फुटी टँक, रंगीत खडे, मागे लटकवायचा छोटा फिल्टर आणि पिशवीत बोटभर लांबीचा, पांढरट गुलाबी, काळ्या मण्यांसारख्या डोळ्यांचा जीव, सगळं एकदमच दिलं. "ताई, पाणी भरून चोवीस तास ठेवा, अँटिक्लोरीनचे चार थेंब टाका, बास. एकदम सोपा जीव आहे." त्याच्याच काउंटरवरून पाणी तपासायच्या कागदी पट्ट्यांची डबीही घेतली. अथर्वने त्याचं नाव मोदक ठेवलं.

आठव्या दिवशी मोदकने खाणं सोडलं. नवव्या दिवशी त्याच्या शेपटीचं टोक आकड्यासारखं वळलेलं दिसलं आणि कल्ले पुढच्या बाजूला, गालांवर घेतल्यासारखे वाकलेले. पाणी आरशासारखं स्वच्छ होतं. पट्टी बुडवली, सगळे चौकोन 'ठीक' दाखवत होते. दुकानात फोन केला तर म्हणाले, "नवीन जागा आहे, रुळेल." शेवटी ओळखीतून, बरीच वर्षं ॲक्सोलोटल पाळणाऱ्या एका गृहस्थांचा नंबर मिळाला. मी लक्षणं सांगायला लागले तर त्यांनी मला मध्येच थांबवलं. "अमोनिया किती आहे?"

त्या पट्टीवर अमोनियाचा चौकोनच नव्हता. पाच-सहा चौकोन होते, पण जो जीव घेतो तोच नव्हता. माझ्या मते हीच या कागदी पट्ट्यांची सगळ्यात मोठी उणीव आहे. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पट्ट्यांवर अमोनिया नसतो, त्याच्या पट्ट्या वेगळ्या घ्याव्या लागतात, आणि नवख्या माणसाला हे डबीवरून कळत नाही. त्याला वाटतं, पाणी तपासलं, छान आहे.

त्या गृहस्थांकडे हेच किट होतं. त्याच संध्याकाळी निगडीला जाऊन मी ते उसनं आणलं.

पहिली चाचणी मला अजून जशीच्या तशी दिसते. स्वयंपाकघराच्या ओट्यावर दोन नळ्या मांडल्या. एकीत टँकचं पाणी, दुसरीत नळाचं, कारण कंट्रोलशिवाय, म्हणजे तुलनेच्या नमुन्याशिवाय, रिपोर्ट द्यायचा नाही ही लॅबची शिस्त अंगात भिनलेली आहे. दोन्हीकडे पाच मिली. पहिल्या बाटलीचे आठ थेंब, दुसऱ्या बाटलीचे आठ थेंब, झाकण लावून हलवलं, पाच मिनिटांचा टायमर लावला. नळाचं पाणी लिंबाच्या सरबतासारखं पिवळं राहिलं, म्हणजे शून्य. टँकची नळी दुसऱ्याच मिनिटाला पोपटी झाली, तिसऱ्या मिनिटाला हिरवी, आणि पाच मिनिटांनी कार्डावर धरली तेव्हा ४ पीपीएमच्या (दहा लाख भागांत चार भाग) रंगाशी जुळली. ॲक्सोलोटलसाठी हा आकडा शून्य हवा. ०.५ वर गेला तरी धावपळ करावी. आमचा चार होता. अथर्व शेजारी उभा होता, त्याने कार्ड वाचलं आणि काही न बोलता मोदकच्या टँकजवळ जाऊन बसला.

झालं काय होतं ते थोडक्यात सांगते. मोदकच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया पाण्यात जातो. जुन्या, मुरलेल्या टँकमध्ये फिल्टरच्या स्पंजवर जिवाणूंची वस्ती असते. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, आणि दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी, नायट्रेट त्या मानाने सौम्य, आणि ते पाणी बदलून कमी ठेवता येतं. ही वस्ती तयार व्हायला चार ते आठ आठवडे लागतात. यालाच सगळे 'सायकल' म्हणतात. पाणी चोवीस तास उघडं ठेवल्याने क्लोरीन उडेल, पण जिवाणू येत नाहीत. आमच्या पस्तीस लिटरच्या नव्याकोऱ्या टँकमध्ये मोदक नऊ दिवस स्वतःच्याच घाणीत श्वास घेत होता, आणि ती घाण डोळ्यांना दिसत नव्हती.

त्या रात्री मोदक टबात गेला. धुण्याचा नवा, साबण न लागलेला प्लॅस्टिकचा टब, वर जाळी, आत लपायला मातीच्या कुंडीचा अर्धा भाग. याच्या डोळ्यांना पापण्या नसतात, त्यामुळे अंधारी जागा हवीच. पुढचे सात आठवडे रोज त्याचं शंभर टक्के पाणी बदललं. आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये पाणी एक दिवसाआड येतं, म्हणून दोन दिवसांचं पाणी बादल्यांत भरून, अँटिक्लोरीन टाकून, न्हाणीघरात गार ठेवायचं. अँटिक्लोरीन घेताना त्यात कोरफड नाही ना ते बघा. माशांच्या अंगावरच्या बुळबुळीत थरासाठी ती घालतात, पण ॲक्सोलोटलच्या नाजूक कातडीला ती चालत नाही. टबातल्या पाण्याची बदलण्याआधी रोज अमोनिया चाचणी करायचे. चोवीस तासांनी साधारण ०.२५ यायचा, आणि खाल्लेल्या दिवशी ०.५. त्यावरून कळलं की एक दिवसही चुकवून चालणार नाही. बाराव्या दिवशी कल्ले मागे गेले. चौदाव्या दिवशी त्याने चिमट्यातलं गांडूळ ओढलं. तो चावत नाही, तोंड उघडून पाण्यासकट वस्तू आत खेचतो, डोळ्याची पापणी लवायच्या आत. रंगीत खडे मी पहिल्याच रात्री फेकले होते ते याच कारणाने. गांडुळासोबत खडाही आत जातो आणि अडकून बसतो. तळ मोकळा ठेवा, नाहीतर अगदी बारीक वाळू घाला.

इकडे मोठा, तीन फुटी टँक आणला, साधारण १२० लिटर पाणी मावेल असा. त्यात मोदक नाही, फक्त पाणी, स्पंज फिल्टर आणि नवसागर.

हो, नवसागर. कल्हईवाल्याकडे असायचा तोच, अमोनियम क्लोराइड. मी मात्र केमिकलच्या दुकानातून शुद्ध प्रतीचा आणला. कल्हईवाल्याच्या खड्यात काय काय मिसळलेलं असेल ते सांगता येत नाही. १२० लिटरला पाऊण ग्रॅम टाकला की अमोनिया २ च्या आसपास येतो. जिवाणूंना हे खाद्य, आणि कुठलाही जीव वेठीला न धरता. हे जिवाणू उबेत लवकर वाढतात, त्यामुळे मोकळ्या टँकला हीटर लावून पाणी २७ अंशांवर ठेवलं. एका खोलीत टँकला ऊब, दुसऱ्या खोलीत टबाला गारवा, असा आमचा हिवाळा गेला.

किटची खरी कसोटी या सात आठवड्यांत लागली. उसनं परत करून मी माझं स्वतःचं घेतलं. वही उघडून बघते. पहिले दहा दिवस अमोनिया २, नायट्राइट शून्य, काहीच हालचाल नाही. अकराव्या दिवशी नायट्राइटची नळी पहिल्यांदा आकाशी सोडून जांभळटाकडे झुकली. पाच थेंब टाकायचे, पाच मिनिटं थांबायचं, एवढी सोपी चाचणी, पण तो जांभळा रंग बघून अथर्वने उडी मारली. "आई, आले ते!" त्याला जिवाणू दिसले होते. मला वाटतं मुलांसोबत करायचं असेल तर या किटमधली ही सगळ्यात सुंदर बाटली आहे. पाण्यात काहीच दिसत नसताना त्यात कोणीतरी कामाला लागलंय, हे रंगातून कळतं.

आता नायट्रेट, आणि इथे जरा थांबते, कारण नवखे लोक इथेच चुकतात. नायट्रेटच्या दोन बाटल्या आहेत. पहिलीचे दहा थेंब, नळी उलटसुलट करायची. दुसरी बाटली आधी तीस सेकंद जोरात हलवायची, मग तिचे दहा थेंब, मग नळी एक मिनिट हलवायची, मग पाच मिनिटं थांबायचं. दुसऱ्या बाटलीच्या तळाशी बारीक कण घट्ट बसलेले असतात, आणि चाचणीचं सगळं काम तेच करतात. ते न हलता वरचे थेंब गेले तर नळी पिवळीच राहते आणि वाटतं, नायट्रेट नाहीच. तिसऱ्या आठवड्यात माझ्या नळीत शून्य आलं. नायट्राइट जांभळं असताना नायट्रेट शून्य कसं? लॅबमध्ये असा रिपोर्ट आला असता तर मी नमुना परत मागवला असता. बाटली कानाशी धरून हलवली तर आत काहीच वाजेना. मग तिचा तळ पोळपाटावर चार वेळा आपटला, दोन मिनिटं हलवली, आणि परत चाचणी लावली. या वेळी नळी भगवी होऊन लालसर झाली, २० च्या आसपास. तेव्हापासून तीस सेकंदांऐवजी पूर्ण मिनिटभर हलवते. आणखी एक. या चाचणीत नायट्रेटचं आधी नायट्राइट होतं आणि मग रंग येतो. त्यामुळे पाण्यात मुळातच नायट्राइट जास्त असेल तेव्हा नायट्रेटचा आकडा फुगलेला दिसतो. सायकल चालू असताना त्या आकड्यावर विसंबू नका.

पाचव्या आठवड्यात गाडी अडली. अमोनिया २ वरून १ वर आला होता, तिथेच चार दिवस. पीएच बघितला तर ६.० ते ७.६ च्या बाटलीत ६.४, सुरुवातीला ७.४ होता. फोन केल्यावर त्या गृहस्थांनी विचारलं, "केएच किती?" हे या किटमध्ये नाही. जीएच आणि केएच, म्हणजे पाण्याचा जडपणा आणि त्याची आम्ल झेलायची ताकद, यांच्या दोन बाटल्यांचं छोटं किट वेगळं मिळतं, आणि ॲक्सोलोटलसाठी ते घ्यावंच लागतं. खरेदी करताना दोन्ही एकदम मागवा. केएचची चाचणी थेंब मोजून करायची असते. एकेक थेंब टाकत जायचं, पाणी निळं असतं, ते ज्या थेंबाला पिवळं होईल तो आकडा. माझं पहिल्याच थेंबाला पिवळं झालं.

आमच्या नळाला पवनेचं, म्हणजे पवना धरणाचं पाणी येतं. मावळातल्या डोंगरांवर पडलेल्या पावसाचं पाणी, प्यायला गोड आणि मऊ. पण जिवाणू अमोनिया खातात तेव्हा पाण्यातली ही झेलायची ताकदही खातात. ती संपली की पीएच कोसळतो आणि तेही काम थांबवतात. शिवाय ॲक्सोलोटलला स्वतःलाही जरा जड पाणी लागतं, जीएच ७ ते १४ आणि पीएच ७.४ च्या आसपास. आमच्या सोसायटीत टंचाईच्या दिवसांत बोअरचं टँकरचं पाणी येतं. त्याने नळांवर पांढरे डाग पडतात, डाळ शिजत नाही, सगळे त्याच्या नावाने बोटं मोडतात. ते मोजलं तर केएच ११, पीएच ८.२. अर्धं पवनेचं आणि अर्धं टँकरचं असं मिसळलं, आणि दुसऱ्या दिवशीच अमोनिया खाली यायला लागला. ज्या पाण्याला आम्ही वर्षानुवर्षं शिव्या घातल्या त्याने मोदकचं घर उभं राहिलं. तुमच्या गावचं पाणी वेगळं असेल. मोजल्याशिवाय माझं प्रमाण उचलू नका.

एकोणपन्नासाव्या दिवशी रात्री पाऊण ग्रॅम नवसागर टाकला. दुसऱ्या रात्री अमोनिया पिवळा, नायट्राइट आकाशी, नायट्रेट गडद लाल. सायकल पूर्ण. हीटर काढला, नायट्रेट २० च्या खाली येईपर्यंत पाणी बदललं, आणि पाणी थंड झाल्यावर मोदक तीन फुटी टँकमध्ये उतरला. उतरल्यावर तो तळाला चारही पाय टेकवून दहा मिनिटं तसाच उभा राहिला, कल्ले पूर्ण उघडलेले.

किटच्या मर्यादा सांगते, कारण त्या माहीत असल्या तरच ते नीट वापरता येतं. अमोनियाचे शून्य आणि ०.२५ हे दोन रंग फार जवळचे आहेत. पिवळसर बल्बखाली ते वेगळे करता येत नाहीत. दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, नळी कार्डाच्या पांढऱ्या भागाला टेकवून समोरून बघा. वरून नळीच्या तोंडातून बघाल तर रंग गडद दिसतो. नायट्रेटचे ४० आणि ८० हे दोन्ही लाल जवळपास सारखेच वाटतात. पण आपल्याला त्यातलं कुठलंच नको असल्यामुळे मला तरी त्याने अडलं नाही. नळ्या चाचणी झाल्याबरोबर विसळा आणि पुढच्या वेळी तपासायच्या पाण्यानेच एकदा खंगाळून घ्या. मी चार नळ्यांवर मार्करने अ, ना, ने, पी अशी अक्षरं टाकून नेमून दिल्यात. बाटली तिरकी धरली की थेंब लहान-मोठे पडतात, म्हणून ती अगदी उभी, उलटी धरायची. ही रसायनं आहेत, नायट्रेटच्या बाटलीत तर आम्ल आहे. अथर्व चष्मा आणि हातमोजे घालून, मी शेजारी असतानाच करतो, आणि नळीतलं पाणी परत टँकमध्ये कधीच जात नाही.

आणि एक, हे किट तापमान मोजत नाही. मार्च आला तेव्हा हे सगळं शिकलेलं अर्धं पडलं.

ॲक्सोलोटल हा मूळचा मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्कोच्या कालव्यांतला. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या वर, वर्षभर गार पाणी. त्याला १६ ते १८ अंश मानवतात, २० पर्यंत चालतं, २४ च्या वर त्याचे हाल होतात. खाणं सुटतं, बुरशी धरते. चिंचवडला होळीच्या आधीच टँकचं पाणी २५ ला टेकलं. आधी पंखा लावला, पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका. बाष्पीभवनाने तीन अंश उतरले. पण पाणी उडतं आणि क्षार मागे राहतात, जीएच आठवडाभरात चढलेला दिसला. म्हणून उडालेलं पाणी भरायला आरओचं वापरावं लागतं. मग बर्फाच्या बाटल्या. त्यात दुपारी २१, पहाटे २४, असे हेलकावे, आणि ऑफिसच्या वेळेत बाटली कोण बदलणार? एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात चिलर, म्हणजे टँकचं पाणी गार ठेवणारं यंत्र, घेतला. तो टँक, फिल्टर आणि हे किट या सगळ्यांच्या एकत्रित किमतीपेक्षा महाग पडला. १७ वर लावलाय, आणि मे महिन्यातही पाणी १८ च्या वर गेलं नाही. खानदेश-विदर्भातल्या मंडळींना तर मी स्पष्टच सांगेन, चिलरचं बजेट नसेल तर हा प्राणी आणू नका. कोकणात आणि गोव्यातही तेच.

उष्णतेचा आणि या किटचा एक संबंध मात्र फार महत्त्वाचा आहे. कार्डावरचा अमोनियाचा आकडा हा एकूण अमोनियाचा असतो. त्यातला खरा विषारी भाग पीएच आणि तापमानावर ठरतो. पीएच एकने वाढला की तो भाग जवळजवळ दहापट होतो, आणि पाणी तापलं की आणखी वाढतो. म्हणजे पवनेच्या पाण्यातला ०.५ आणि एप्रिलमधल्या टँकरच्या पाण्यातला ०.५ हे एक नाहीत. अमोनिया तपासताना पीएच आणि थर्मामीटर सोबत बघायची सवय मला त्यामुळेच लागली. वहीत तिन्ही आकडे एका ओळीत असतात.

जूनमध्ये एकदा या सवयीने वाचवलं. सासूबाईंनी, माझ्या मदतीसाठी, मायेने स्पंज फिल्टर काढून नळाखाली स्वच्छ, पांढरा होईपर्यंत धुतला. त्यांचा काहीच दोष नाही, मी कधी सांगितलंच नव्हतं की तो मळ म्हणजेच आमचे जिवाणू. रविवारच्या चाचणीत अमोनिया ०.५ दिसला, मोदक अजून अगदी नेहमीसारखा होता. लक्षणं दिसायच्या आधी नळीने सांगितलं. लगेच अर्धं पाणी बदललं, तो चार दिवस टबात राहिला, आठवड्यात टँक सावरला. आता स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळतो, आणि ते काम सासूबाईच करतात. खाण्याचंही तसंच. सोसायटीच्या गांडूळखत प्रकल्पातली बारीक लाल गांडुळं मोदक तोंडात घेऊन थुंकून टाकतो, ती कडवट असतात. एकदा थुंकलेलं गांडूळ पाइपामागे राहिलं आणि मेलं, तेव्हाही पहिली खबर हिरवट नळीनेच दिली. जाडजूड आफ्रिकन गांडुळं तो आवडीने खातो.

कागदपत्रांचं सांगायलाच हवं. ॲक्सोलोटल हा साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट २ मधला प्राणी आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि २०२४ साली नोंदणीचे नियम आले. त्यानुसार घरी असे प्राणी असतील तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. घेताना विकणाऱ्याकडून बिल आणि प्राणी कुठून आला त्याची कागदपत्रं मागा. मिळत नसतील तर तिथून घेऊ नका. सोचिमिल्कोत १९९८ साली एका चौरस किलोमीटरमध्ये सुमारे ६००० ॲक्सोलोटल मोजले गेले होते, २०१४ साली ३६. अथर्वने हे दोन आकडे टँकच्या वर चिकटवलेत. आपल्या घरातले हे प्रयोगशाळांत आणि पाळणाऱ्यांकडे पिढ्यान् पिढ्या वाढलेल्यांचे वंशज आहेत, १८६४ साली पॅरिसला पोचलेल्यांपासून ही परंपरा चालत आलीय. तिकडचे संपत आलेत, म्हणून इकडच्या एकेकाला नीट जगवणं मला जास्तच महत्त्वाचं वाटतं.

किटकडे परत येते. नायट्रेटच्या बाटल्या सगळ्यात आधी संपतात, जवळपास नव्वद चाचण्या होतात. पीएचच्या खूप उरतात. संपलेली जोडी सुटी मिळते, अख्खं किट परत घ्यावं लागत नाही. घेताना बाटल्यांवरची तारीख बघा, आणि बाटल्या टँकच्या दिव्याजवळ न ठेवता कपाटात ठेवा. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा गुण केएच-जीएच वेगळं घ्यावं लागतं म्हणून कापला.

आमच्या लॅबमधल्या एका मैत्रिणीच्या मुलीलाही ॲक्सोलोटल हवाय. तिला गेल्या महिन्यात या किटची लिंक पाठवली, आणि नवसागराच्या पाऊण-पाऊण ग्रॅमच्या सहा पुड्या बांधून दिल्या. काल रात्री तिने नळीचा फोटो पाठवला, नायट्राइट, गडद जांभळं. टँकमध्ये अजून पाणी आणि स्पंजच आहे. मी तिला केएच बघायला सांगितलंय.